मोटारीच्या गादीतला हिरडा

दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जण ताडोबाला जाऊन आलेत? चंद्रपूरपासून तीसेक किलोमीटरवर मोहर्ली नावाचं गाव आहे, इरई धरणाच्या पाण्याजवळ. तिथल्या फाटकातून ताडोबाच्या जंगलात शिरता येतं. पहाटे, धड उजाडलेलंही नसतं, तेव्हा उघड्या जिप्सी तिथे एकीमागे एक उभ्या असतात. गाडीत चढताना प्रत्येकाच्या डोक्यात एकच विचार असतो, आज वाघ दिसणार का? कडेची जागा कुणाला, दुर्बीण कुणाकडे, पाण्याची बाटली घेतली का... या गडबडीत आपण ज्याच्यावर पुढचे काही तास बसणार, त्या सीटकडे कुणी ढुंकूनसुद्धा बघत नाही.

पुढच्या खेपेला बघा. नुसतं बघू नका, हात फिरवा. शिवणीत बारीक धूळ जाऊन बसलेली असते. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा दुपारी त्या सीटवर हात ठेववत नाही. एखादा अवकाळी पाऊस आला की तीच सीट चिंब भिजते. तरी बिचारी टिकते, कारण ती बहुतेक वेळा रेक्झिनची असते. रेक्झिन म्हणजे कापडावर प्लास्टिकचा लेप. ओलं फडकं मारलं की काम संपलं.

रेक्झिन हा आपल्याला आता मराठीच शब्द वाटतो, पण ते मुळात एका विलायती मालाचं नाव. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ हाइड नावाचं गाव आहे, तिथे हे नकली चामडं बनायचं. आणि गंमत बघा, इंग्रजीत कातड्यालाही ‘हाइड’च म्हणतात! फक्त स्पेलिंग वेगळं.

आज आपण बोलणार आहोत ते या रेक्झिनच्या सीटच्या पणजीबद्दल. म्हणजे खऱ्या चामड्याच्या गादीबद्दल.

ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या मोटारी आठवा. आठवा म्हणजे चित्रात, सिनेमात किंवा एखाद्या व्हिंटेज रॅलीत पाहिलेल्या. त्यातल्या कितीतरी मोटारी जिप्सीसारख्याच उघड्या असायच्या. संस्थानिक शिकारीला जायचे तेही अशाच मोटारींतून. (ताडोबात शिकारीला १९३५ मध्ये बंदी आली आणि १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, हे जाता जाता लक्षात ठेवा. शाळेत विचारतात!) ऊन, धूळ, पाऊस या सगळ्याला तोंड देईल असं मजबूत आच्छादन तेव्हा लोकांच्या चांगलं ओळखीचं होतं, ते म्हणजे चामडं. घोड्याचं खोगीर चामड्याचं, लगाम चामड्याचे, बग्गीची गादी चामड्याची. घोडा गेला, इंजिन आलं, गादी तीच राहिली.

आता सांगा, चामड्याची सीट म्हणजे श्रीमंती, बरोबर? आज तसंच आहे. पण त्या काळच्या काही आलिशान मोटारींत उलटा प्रकार असायचा. ड्रायव्हर पुढे उघड्यावर बसायचा, म्हणून त्याला चामड्याची सीट. मालक मागे काचेच्या आड, म्हणून त्याला मऊ लोकरी कापडाची! चामडं ही तेव्हा राबणाऱ्याची, पावसात भिजणाऱ्याची वस्तू होती.

आपल्याकडे अशा जुन्या मोटारी अजून जपलेल्या आहेत. कोल्हापूरच्या राजघराण्याची १९३० च्या दशकातली जर्मन मेबॅक मोटार शाही दसऱ्याला अजूनही बाहेर निघते आणि दसरा चौकात तिला बघायला ही गर्दी होते. मुंबई-पुण्याच्या रॅलींत तर पन्नास, सत्तर, नव्वद वर्षांच्या गाड्या रांगेने धावतात. लोक बॉनेट उघडून इंजिन बघतात, चकचकीत दिव्यांपाशी उभं राहून फोटो काढतात. गाडीतली सगळ्यात नाजूक गोष्ट मात्र आत, सीटवर असते.

ती नाजूक का, सांगते. इंजिनाचा एखादा भाग मोडला तर चांगला कारागीर लेथवर तो पुन्हा घडवतो. पत्रा गंजला तर नवा ठोकता येतो, रंग पुन्हा मारता येतो. पण ऐंशी वर्षांचं चामडं एकदा गेलं की गेलं. ज्या कारखान्यांनी ते कमावलं, त्यांतलेही कितीतरी आता राहिलेले नाहीत. लंडनच्या कॉनोली ब्रदर्सचंच बघा. १८७८ मध्ये सुरू झालेला हा कारखाना रोल्स-रॉइस आणि जॅग्वारच्या मोटारींना चामडं पुरवायचा. २००२ मध्ये तो बंद पडला.

आणि एवढं दुर्मिळ चामडं सहसा खराब होतं कशानं? म्हातारपणानं तर होतंच. पण पुष्कळदा ते होतं मालकाच्या उत्साहानं! रॅली आठ दिवसांवर आलेली, गाडी चकाचक दिसायला हवी, म्हणून कुणी बादलीभर साबणाचं पाणी ओततो, कुणी थिनर फिरवतो, कुणी वाटीभर तेल चोपडतो. नाहीच जमलं तर जुनं चामडं टराटरा फाडून नवं रेक्झिन चढवतो.

हे टाळायचं तर आधी चामडं म्हणजे काय ते कळायला हवं. त्यासाठी पुन्हा मोहर्लीच्या जंगलात जाऊ.

जंगलातलं औषध

ताडोबाचं जंगल सागाचं आणि बांबूचं, हे तुम्हाला माहीत असेल. पण त्यात ऐन, धावडा, बिजा, मोह, तेंदू आहेत, आणि बेहडा आणि हिरडाही आहेत. हिरडा तुम्ही आजीच्या बटव्यात पाहिला असेल. सुकलेलं, कडक, धारा असलेलं फळ. चावून बघितलंत तर तोंड असं आवळून येतं की विचारू नका! (जंगलातलं फळ मात्र उचलायचं नाही हं. ते तिथल्या प्राण्यांचं. हिरडा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो.)

तोंड आवळणारा हा जो गुण आहे ना, त्यातच सगळी जादू आहे. हिरड्यात टॅनिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. सुकलेल्या फळात साधारण तीस टक्के. जिभेवरच्या प्रथिनांना ते घट्ट धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. जनावराचं कातडंही प्रथिनाचंच बनलेलं असतं. कोलॅजेन नावाच्या बारीक तंतूंचं दाट जाळं. कच्चं कातडं ओलं राहिलं तर सडतं, वाळलं तर फळीसारखं कडक होतं. पण तेच कातडं हिरड्याच्या किंवा बाभळीच्या सालीच्या पाण्यात बरेच दिवस ठेवलं, तर टॅनिन प्रत्येक तंतूला जाऊन चिकटतं. मग ते सडत नाही आणि लवचीकही राहतं. यालाच आपल्या भाषेत ‘कातडं कमावणं’ म्हणतात. किती नेमका शब्द आहे बघा! व्यायामानं शरीर कमावतात, तसं हिरड्यानं कातडं कमावतात.

कोल्हापुरी चपला याच पद्धतीच्या चामड्याच्या. कमावायला बाभळीची साल आणि हिरडा. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं ते ढोर आणि चर्मकार समाजातल्या लोकांनी. त्यांनी बनवलेली मोट, पखाल, चप्पल गावाला हवी होती, पण त्यांना मात्र गावानं लांब ठेवलं. रसायनशास्त्राच्या पुस्तकात टॅनिनचा धडा वाचाल तेव्हा हेही आठवा.

आज बाजारात मिळणारं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. ते काम दिवसा-दोन दिवसांत होतं. जुन्या गोष्टींत मात्र झाडपाल्यानं कमावलेलं चामडं बरंच भेटतं, आणि त्याचे नखरे वेगळे असतात. त्यातला एक नखरा तुम्ही घरीच बघू शकता. दुधाशिवाय कडक कोरा चहा करा. गार झाला की एका जुन्या कपात ओतून त्यात एक गंजका खिळा टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी चहा शाईसारखा काळपट झालेला दिसेल. चहात टॅनिन असतं, आणि टॅनिन अधिक लोखंड म्हणजे काळा रंग. पूर्वी हिरडा आणि लोखंड वापरून शाई करायचे ती अशीच. (प्रयोग झाला की तो चहा मोरीत ओता. पिऊ नका!)

आता विचार करा. झाडपाल्यानं कमावलेल्या चामड्याच्या सीटवर ओला खिळा किंवा लोखंडी पाना विसरला तर? भांडी घासायच्या तारेच्या चोथ्यानं डाग घासला तर? काळा डाग पडेल, आणि तो वरवरचा नसेल. तंतूंच्या आत तयार झालेली ती शाईच. म्हणून चामडं पुसायला बोअरचं लोहयुक्त पाणीसुद्धा नको. मोटारीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी सगळ्यांत बरं.

सीटचे तीन शत्रू

पहिला शत्रू ऊन. आणि ओल्या सीटवरचं ऊन तर फारच वाईट. सरस कसा करतात, माहीत आहे? कातडं पाण्यात उकळून. कोलॅजेनचे तंतू गरम पाण्यात सुटतात, आकसतात आणि त्याचा सरस होतो. कमावलेलं कातडं तग धरतं, पण त्यालाही मर्यादा आहे. झाडपाल्यानं कमावलेलं ओलं चामडं साधारण ७० ते ८० अंशांना आकसायला लागतं. जुनं, झिजलेलं असेल तर त्याच्या बरंच आधी. आता मे महिन्यात चंद्रपूरला उन्हात बंद करून ठेवलेली मोटार डोळ्यांसमोर आणा. बाहेर ४५ अंश असताना आतल्या, थेट ऊन लागणाऱ्या गोष्टी ७० अंशांपर्यंत सहज तापतात. नुकतीच धुतलेली सीट ‘लवकर वाळेल’ म्हणून अशा उन्हात ठेवली, तर ती वाळेलही आणि आक्रसून कडकही होईल. ते चामडं पुन्हा मऊ होत नाही. हेअर ड्रायरचंही तेच.

दुसरा शत्रू दमट हवा. कोकणात किंवा गडचिरोलीच्या पावसाळ्यात बंद गाडीत बुरशी धरते. पांढरट-हिरवट पावडर आणि कुबट वास. सीटवर प्लास्टिक टाकून ठेवलं तर आणखी लवकर, कारण ओल आत कोंडते. त्यापेक्षा जुनी सुती चादर घालावी आणि पाऊस उघडला की दारं उघडून वारं लागू द्यावं.

तिसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. कोळसा जळाला की त्यातल्या गंधकाचा वायू होतो. तो चामड्यात शिरून हळूहळू आम्ल बनतो आणि तंतू खातो. मग चामडं लालसर होतं आणि हात लावला की विटेच्या भुकटीसारखं बोटांना लागतं. दगडी कोळशाच्या वायूवर चालणारे दिवे लंडनमध्ये होते, त्या काळात तिथल्या ग्रंथालयांत चामडी बांधणीच्या पुस्तकांचं असं पीठ व्हायला लागलं. म्हणून तिथल्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं समिती नेमली आणि १९०१ मध्ये तिचा अहवाल निघाला. आपल्या हिरड्याच्या जातीचं टॅनिन या आजाराला बऱ्यापैकी टक्कर देतं, बाभळीच्या सालीतलं लवकर हरतं. चंद्रपूर हा कोळशाच्या खाणींचा आणि मोठ्या औष्णिक वीजकेंद्राचा जिल्हा. इरई धरणाचं पाणी त्याच केंद्राला जातं. अशा भागात जुनी चामडी वस्तू जपायची, तर ती बंद कपाटात किंवा झाकून ठेवणं शहाणपणाचं.

आता फडकं घ्या

“पण आमच्याकडे कुठे आहे व्हिंटेज मोटार?” असं तुम्ही म्हणाल. नसू दे. आजोबांची चामडी बॅग असेल, ट्रान्झिस्टरचं चामडी कव्हर असेल, जुना पट्टा असेल. नियम तेच. मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि शक्यतो पट्ट्यावरच आधी हात बसवा.

पहिलं काम कोरडं. पाणी नाही, साबण नाही. मऊ ब्रश घ्या, रंगकामाचा जुना पण स्वच्छ चालेल. शिवणींतून, बटनांच्या खळग्यांतून धूळ बाहेर काढा. ही धूळ म्हणजे बारीक वाळू. तिच्यावर ओलं फडकं घासलं तर तुम्ही स्वतःच्या हातानं सीटला पॉलिशपेपर मारताय असं समजा. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त फरक या कोरड्या कामानंच पडतो, पण लोकांना यात मजा येत नाही म्हणून ते करत नाहीत.

मग परीक्षा. सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर चामड्यावर रंगाचा थर आहे. शोषला जाऊन काळपट ठिपका पडला तर चामडं उघडं आहे, तिथे पाणी वापरायचंच नाही. जुन्या मोटारींच्या सीट बहुधा पहिल्या जातीच्या असतात. बोटाला लाल भुकटी लागत असेल तर मात्र हात मागे घ्या. ते काम संग्रहालयातल्या तज्ज्ञांचं.

साबण कुठला? कपड्यांचा नको, भांड्यांचा नको, धुण्याचा सोडा तर अजिबात नको. कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं आणि हे सगळे अल्कधर्मी. लिटमस लावून बघा, निळा होईल. अल्क आत मुरला की टॅनिन आणि तंतू यांची जोडी सैल होते. चामड्यासाठीचा सौम्य क्लीनर मिळाला तर उत्तम, नाही तर बाळाच्या शाम्पूचे दोन-चार थेंब वाटीभर पाण्यात. त्याचा फेस काढा आणि फक्त फेस स्पंजवर घ्या. पाणी वाटीतच राहू द्या!

गोल गोल, हलक्या हातानं. एका शिवणीपासून पुढच्या शिवणीपर्यंतचा पूर्ण पट्टा एका दमात करा. मध्येच थांबलात तर ओल्याच्या आणि कोरड्याच्या सीमेवर डागाची रेघ उमटते. लगेच दुसऱ्या, घट्ट पिळलेल्या सुती फडक्यानं फेस टिपून घ्या, तिसऱ्या कोरड्यानं पुसा. फडकं तपकिरी झालं तर मळ निघतोय. पण ते सीटच्याच रंगाचं झालं, तर थांबा! मळ संपून तुम्ही रंग पुसायला लागलाय. मग सावलीत, पंख्याच्या लांबच्या वाऱ्यावर वाळू द्या. पूर्ण एक दिवस.

डागावर नखं रंगवायच्या पॉलिशचं रिमूव्हर किंवा रंगाचा थिनर लावायचा मोह कुणाला झाला तर त्याचा हात धरा. यामागे एक मजेशीर गोष्ट आहे. जुन्या मोटारींच्या चामड्यावरचा रंग बऱ्याचदा नायट्रोसेल्युलोज नावाच्या द्रव्याचा असायचा. आईच्या नखांवरचं पॉलिशही त्याचंच असतं. सुरुवातीचं रेक्झिनसुद्धा कापडावर याचाच लेप देऊन बनायचं. तेव्हा रिमूव्हर नखांवर जे करतं, तेच ते सीटवर करणार.

आता तेल. आपल्याकडे कुठलीही गोष्ट कोरडी दिसली की तिला तेल लावायचं, डोकं असो की दाराची बिजागरी! चंद्रपूरकडे कुणी मोहाच्या बियांचं लावेल, कोकणात खोबरेल. चामड्याला कमावतानाच तेल दिलेलं असतं हे खरं, पण ते तंतूंच्या मधे. आपण वरून चोपडलेलं तेल रंगाच्या थरामुळे आत जातच नाही. जिथे भेगा आहेत तिथून थोडं झिरपतं, चामडं काळं पडतं. उरलेलं हवा लागून चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि शिवणीचा सुती दोरा कुजायला लागतो. खोबरेल तर थंडीत गोठून पांढरं दिसतं. संग्रहालयांतले जाणकार पूर्वी चामड्याला नियमानं तेल-मलम द्यायचे, आता त्यांनीही ते सोडून दिलंय. रोज वापरातल्या सीटला चामड्याचं क्रीम वर्षातून एक-दोनदा, बोटभर घेऊन, पातळ पसरून, जादाचं पुसून टाकावं. तेवढं पुष्कळ. बुटाचं पॉलिश मात्र नको, नाही तर पाहुण्यांच्या पांढऱ्या पँटवर तुमच्या मेहनतीचा शिक्का उमटेल!

बुरशी आली असेल तर सीट किंवा बॅग बाहेर सावलीत न्या, नाकाला रुमाल बांधा आणि कोरड्या ब्रशनं झाडा. घरात झाडलंत तर ती बुरशी पुढच्या कपाटात मुक्कामाला जाईल.

भेग आणि फाटकं

इथून पुढचा भाग आईबाबांसाठी आणि ज्यांच्या घरी खरोखर जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी.

भेगा दोन प्रकारच्या असतात आणि त्या ओळखता आल्या नाहीत तर हजारो रुपये वाया जातात. भिंग घेऊन बघा. फक्त रंगाच्या थराला, वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या बारीक रेषा असतील आणि खालचं चामडं वाकवल्यावर मऊ असेल, तर सीट वाचते. तिथे स्वच्छता करून, त्या रंगाचे पातळ थर पुन्हा देता येतात. भेगेतून तंतू बाहेर आले असतील, कडा वर वळल्या असतील, तर चामडंच तुटलंय. क्रीम लावून ते सांधत नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

फाटलेल्या जागी वरून ठिगळ लावू नये. चांगला कुशनवाला शिवण थोडी उसवून चामड्याच्या मागून पातळ कापडाचा किंवा चामड्याचा तुकडा सरकवतो आणि वाळल्यावरही लवचीक राहील अशा डिंकानं चिकटवतो. क्षणात चिकटणारा कडक गोंद वापरला तर बसताना-उठताना त्याच्या बाजूला नवी चीर पडते. जुनी भोकं सुईनं पुन्हा गाठून त्यांतूनच शिवणं हे खरं कसब. नवी भोकं पाडली की चामडं टपाल तिकिटाच्या कडेसारखं फाटतं. असा कारागीर तुमच्या शहरात असेल तर त्याच्या शेजारी तासभर बसून बघा. गादीच्या पोटातून काय काय निघतं! लोखंडी स्प्रिंगा, काथ्या, कापूस आणि फार जुन्या विलायती गाडीत चक्क घोड्याचे केस. बग्गीच्या घोड्यानं मोटारीचा पिच्छा सोडला नव्हता तो असा.

आता प्रश्न उरतो, किती दुरुस्त करायचं? यावर गाडीवाल्यांत जोरदार भांडणं होतात. एक गट म्हणतो, गाडी शोरूममधून आत्ता निघाल्यासारखी दिसली पाहिजे. दुसरा म्हणतो, ऐंशी वर्षं लोक जिच्यावर बसले ती सीट बसलेलीच दिसू दे. जुन्या वाहनांची जागतिक संघटना, फिवा, १९६६ पासून आहे. तिनं २०१२ च्या सुमारास ट्युरिनची सनद मान्य केली. तिचा कल जपण्याकडे आहे. शक्य तेवढं मूळचं ठेवा, नवं घालावं लागलं तर त्याची नोंद करा. आपल्याकडेही २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी त्यात बसते, आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात.

मला विचाराल तर मी दुसऱ्या गटाची. रोज चालवायच्या गाडीला नवी सीट घालायला माझी हरकत नाही, पाठ सगळ्यांनाच आहे. पण ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड, दारातून चढता-उतरता झिजून गुळगुळीत झालेली, ती रंगवून का टाकायची? तिथे कुणीतरी वर्षानुवर्षं चढलंय, उतरलंय.

आणि मूळचं चामडं काढावंच लागलं, तर त्याचा तळहाताएवढा तुकडा तरी ठेवा. सीटच्या खालच्या बाजूचा घ्या, तिथे ऊन लागलेलं नसतं, त्यामुळे गाडी नवी असतानाचा खरा रंग तिथेच सापडतो. कागदी पाकिटात घाला, वर गाडीचं नाव, साल आणि काढल्याची तारीख लिहा. पुढे कुणाला जुळता रंग करायचा असेल तर हाच तुकडा उपयोगी पडेल. पाकीट मात्र लोखंडी टाचणीनं टोचून बंद करू नका. का, ते कोऱ्या चहाच्या कपानं तुम्हाला सांगितलंच आहे!